क्षयाचा वेढा

बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास माळव्यात देवासला राहायला गेले, ते क्षयामुळे. कोरडी हवा मानवेल, हा त्या वेळचा सल्ला. काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते. क्षयरोग्याच्या फुप्फुसात अशा वेळी काय चाललेले असते?

श्वासावाटे आलेला जंतू वायुकोशात पोचतो. तेथील भक्षक पेशी त्याला गिळते. पण तिच्या पाचक रसांना चुकवून तो तिच्यातच वाढू लागतो. लसिकाग्रंथींना वर्दी जाऊन टी-पेशी मदतीला येईपर्यंत काही आठवडे लोटतात. त्यांच्या इंटरफेरॉन या द्रव्याने भक्षक पेशींना बळ चढते आणि सगळ्या मिळून जंतूंना वेढा घालतात. हीच क्षयाची गाठ. बहुतेकांच्या बाबतीत वेढा टिकतो. जंतू आत सुप्त राहतात.

कुपोषण, मधुमेह यांसारख्या कारणांनी वेढा ढासळला, तर गाठीचा गाभा कुजून फुटतो व फुप्फुसात पोकळी पडते. ही हानी पुष्कळशी आपल्याच प्रतिकाराच्या माऱ्याने होते!

१९४३ साली शोधलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने कुमारजी वाचले, १९५३ पासून पुन्हा गाऊ लागले; पण एक फुप्फुस कायमचे अधू राहिले. औषध जंतू मारते, गेलेले फुप्फुस परत देत नाही. म्हणून खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर थुंकी वेळीच तपासून घेणे हेच शहाणपण.