चला, उद्याच पवनारला!

सरकारी नोकराला रविवार असतो, शाळेतल्या पोरांना उन्हाळ्याची सुटी असते, गिरणीतल्या कामगाराला हक्काची रजा असते. कास्तकाराला काय असते? गायीला रविवार कळत नाही. ओलिताची वीज रात्रीच्या पाळीत आली, तर झोप मोडून मोटर सुरू करावीच लागते. आणि कास्तकाराच्या घरच्या बाईला तर तेवढीही उसंत नाही. शेतातली निंदण संपली तरी घरची चूल संपत नाही.

फ्रान्स देशात १९३६ साली कायदा झाला आणि कामगारांना वर्षातून दोन आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. त्या उन्हाळ्यात कितीतरी कुटुंबे जन्मात पहिल्यांदा घराबाहेर पडली. आज युरोपातली माणसे शनिवार-रविवारी खांद्याला पिशवी अडकवून सहज निघतात. नामांकित शहरांतली गर्दी टाळून जवळच्याच एखाद्या आडबाजूच्या गावी दोन दिवस राहून येतात. त्यासाठी ना मुहूर्त पाहतात, ना महिनाभर तयारी करतात.

आपला मालक आपणच. तेव्हा आपल्याला रजा देणार कोण? ती आपली आपणच घ्यायची असते. अशीच एक न ठरवता घेतलेली दोन दिवसांची रजा या लेखात सांगायची आहे.

बैठकीतून निघालेली गोष्ट

जानेवारी सरत आला होता. आर्वीकडच्या एका गावात गुलाबी बोंडअळीवर आमची बैठक होती. फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटून टाका, हे नेहमीचे सांगणे झाले. तूर घरात आली होती, गव्हाला पाणी नुकतेच देऊन झाले होते, हरभऱ्याचे घाटे भरत होते. चहा घेताना वर्ध्याच्या दवाखान्याचा विषय निघाला. तेव्हा घरच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "पवनारच्या पुलावून कितीकदा गेली मी. नदीतली ते छत्री दिसते खिडकीतून. पन खाली उतरून पायली नाई कधी."

घरात क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्यांची सूनच म्हणाली, "मंग उद्याच चाला ना!"

उद्या शनिवार होता. एवढ्या बोलण्यावर बेत ठरला. शेजारच्या घराने दोन दिवस ढोरांचे शेणपाणी आणि दूध काढणे अंगावर घेतले, पुढच्या खेपेला याच घराने त्यांचे पाहावे या बोलीवर. जवारीच्या भाकरी, कोरडे चून आणि ठेचा बांधून सकाळच्या पहिल्या एस.टी.ने सगळे निघाले. मलाही शनिवारची सुटी होती, म्हणून वाटाड्या म्हणून मी बरोबर गेलो.

बोंडापासून धाग्यापर्यंत

वर्ध्याला उतरून आधी गेलो मगनवाडीच्या मगन संग्रहालयात. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी याच मगनवाडीतून चालवले. संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. नाना तऱ्हेचे चरखे, तेलाची घाणी, हातकागद, कुंभारकाम अशी खेड्यातल्या कारागिरीची सारी हत्यारे येथे मांडलेली आहेत.

सूनबाई एका चरख्यापाशी थबकल्या. वयाच्या दहा-बारा वर्षांपासून त्या कापूस वेचत आल्या आहेत. कापूस गाडीत भरला, की तो कुठे जातो आणि त्याचे काय होते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. चरखा कसा फिरतो आणि पेळूतून सूत कसे निघते, ते त्यांनी दोनदा समजून घेतले. मग एवढेच म्हणाल्या, "आपून नुस्ता वेचतो. बाकी सारं दुसरेच करतात."

आमच्या प्रचारसभांतून कापसाच्या भावाचे गणित मी पुष्कळदा मांडले आहे. पण कच्चा माल गावाबाहेर जातो आणि त्याच्याबरोबर कमाईही जाते, हे कुमारप्पांचे म्हणणे या बाईंनी एका वाक्यात सांगून टाकले.

मातीच्या कुडाचे घर

संध्याकाळी सेवाग्राम गाठले. वर्ध्यापासून हे अंतर आठ किलोमीटरच्या आसपास. गांधीजी येथे आले ते ३० एप्रिल १९३६ रोजी. तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. घर बांधायचे ते आसपास मिळणाऱ्या मालाचे आणि पाचशे रुपयांच्या आत, अशी त्यांची अट होती. मातीच्या भिंती, बांबू आणि वर कवेलू. आमच्या मंडळींना हे घर परके वाटलेच नाही. आजींनी भिंतीवरून हात फिरवून सारवण पाहिले आणि मान डोलावली.

पोरांना मात्र आवडला तो साप पकडायचा चिमटा आणि पिंजरा. आश्रमात साप निघाला, की त्याला न मारता पकडून दूर नेऊन सोडत. शेतातले उंदीर खाणारा हा सोबती आपण दिसला की ठेचतो. पोरांनी येताना यावरच वाद घातला. मी त्यात पडलो नाही. असा वाद घरात झालेला बरा. रात्री आश्रमाच्या यात्री निवासात मुक्काम केला. त्याआधी पिंपळाजवळची सायंप्रार्थना झाली. ती आजही रोज होते.

राजाचे गाव, संताची माती

रविवारी सकाळी पवनार. नागपूर-वर्धा रस्त्यावर, वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीच्या काठी हे गाव आहे. बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला जाणारी आपली मंडळी वर्षानुवर्षे त्याच्या पुलावरून जातात, पण उतरत नाहीत.

हे लहानसे गाव म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असे मत इतिहासपंडित वा. वि. मिराशी यांनी मांडले. काही संशोधक ती राजधानी नागपूरजवळच्या मनसरला मानतात. पंडितांचा वाद पंडित मिटवतील. प्रवरपुराहून दिलेले ताम्रपट मात्र सापडले आहेत, आणि त्यांत जमिनी दान दिल्याच्या नोंदी आहेत. 'सेतुबंध' हे महाराष्ट्री प्राकृतातले काव्य याच राजाच्या नावावर आहे. म्हणजे आपल्या मराठीच्या आजीची ही बोली.

विनोबाजी १९३८ साली प्रकृती ढासळल्यामुळे पवनारला आले. येथे कुदळीने जमीन खणताना जुन्या दगडी मूर्ती सापडल्या. त्यांतली भरत-रामाच्या भेटीची मूर्ती आश्रमात पाहायला मिळते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबाजी येथूनच उभे राहिले. १९५० साली त्यांनी बैलांवाचून, केवळ हाताने शेती करण्याचा प्रयोग येथे केला. त्याला ते ऋषिशेती म्हणत. त्यानंतर १९५१ पासून १९६४ पर्यंत ते देशभर पायी फिरले आणि भूमिहीनांसाठी जमीन मागितली. ज्या नावाच्या राजधानीतून राजे जमीन दान देत, त्याच मानल्या गेलेल्या गावचा एक फकीर जमीन मागायला निघाला, हे ऐकून आमचे कास्तकार बराच वेळ गप्प होते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबाजींनी पवनारलाच देह ठेवला.

आश्रमातले ब्रह्मविद्या मंदिर २५ मार्च १९५९ रोजी सुरू झाले. विनोबाजींनी ते मुख्यतः स्त्रियांसाठी काढले. स्वयंपाक, झाडलोट, शेती ही सारी कामे येथल्या भगिनी आपसात वाटून घेतात आणि निर्णय सर्वांच्या एकमताने होतात. हे ऐकून सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. नवरा नदीकडे पाहू लागला.

शेवटी सगळे पात्रात उतरलो. गांधीजींच्या अस्थी १९४८ च्या फेब्रुवारीत या धाम नदीत सोडल्या, त्या जागी ती छत्री आहे. आजींनी पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले. कोणी त्यांना घाई केली नाही.

आता चार कामाच्या गोष्टी

आपला वर्धा जिल्हा २००६ साली पंतप्रधानांच्या मदत-योजनेतल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता. त्यामागचे कारण आपल्या गावागावांना ठाऊक आहे. दोन दिवस हिंडून कर्ज फिटत नाही आणि कापसाला भावही येत नाही. पण एकट्याने घरात कुढत बसणारा माणूस चार माणसांत येतो आणि प्रवासात मन मोकळे करतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जाताना मुकाट बसलेला घरचा कर्ता येताना सावकाराच्या हिशेबाविषयी आपल्या बायकोशी बोलत होता. घरात हे बोलणे वर्षभर झाले नव्हते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, हे लक्षात ठेवा:

वर्षातून दोन-तीनदा कामाला उसंत मिळते. पोळा झाल्यावर सोयाबीनची कापणी लागेपर्यंत, तूर घरात आल्यावर आणि पाडव्यानंतर. अशा वेळी आभाळ पाहा, पिकाला पाणी द्या आणि निघा. फार बेत आखत बसलात, तर जाणे होणार नाही.

ढोरांसाठी शेजाऱ्याशी फेडाफेडीची बोली करा. घरी म्हातारे माणूस एकटे ठेवून जाऊ नका, त्यालाच बरोबर घ्या.

एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पासष्ट वर्षांवरील प्रवाशांनाही अर्धे आणि पंचाहत्तरीपुढे तिकीट नाही. आधार कार्ड सोबत असू द्या.

मुक्कामाला जागा आहे का आणि संग्रहालय कोणत्या वेळी उघडे असते, एवढे फोन करून विचारून घ्या.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. सहलीला निघताना चूल बरोबर नेऊ नका. पहिल्या दिवसाची शिदोरी बांधा, दुसऱ्या दिवशी भोजनालयात ताट मागा. घरच्या बाईने तेथेही भाकरीच थापल्या, तर रजा बाकीच्यांची झाली, तिची नाही.