काटा खरे बोलतो, पण ऐकतो कोण?

गेल्या दिवाळीतली पहिल्या आंघोळीची सकाळ. फराळाची ताटे मांडली होती. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने ताटातला लाडू उचलून मुकाट्याने डब्यात परत ठेवला. "नको आई, आधीच मी जाडी आहे." शेजारचा सोळा वर्षांचा पुतण्या फिदीफिदी हसला. पण स्वारीने नव्या शर्टाच्या आत दोन बनियन चढवले होते, छाती भरलेली दिसावी म्हणून! एकाच पंगतीत एकीला आपण जाड वाटतो, दुसऱ्याला काडी पहिलवान.

मागाहून कळले की, लेक महिनाभर शाळेचा डबा मैत्रिणीला देत होती. मग मात्र माझ्या पोटात धस्स झाले. दोघांनाही आमच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी उंची-वजन घेतले, तक्त्यावर ठिपके मांडले आणि म्हणाले, "वहिनी, दोघांची वजने वयाला साजेशी आहेत. वाढत्या मुलांना मोठ्यांचा हिशेब लावायचा नसतो. वयात येताना मुलीच्या कमरेवर, मांड्यांवर चरबी धरतेच. ती निसर्गाची तजवीज आहे. मुलगे आधी उंच होतात, अंग मागाहून भरते."

म्हणजे पाहा, जिला वाढायला नको तिचे वजन वाढते आणि ज्याला हवे तो बांबूसारखा नुसताच उंच होतो!

पुतण्याचे दुखणे समजण्यासारखे आहे. आमचे कोल्हापूर पडले मल्लांचे गाव. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान, पेठापेठांतून तालमी, कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारे म्हशीचे दूध. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले ते श्रीपती खंचनाळे याच मातीत घडलेले. इथे 'अंग धरलंय' म्हणजे शाबासकी! मी त्याला म्हटले, "अरे, राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले पदक. कुठल्या वजनगटात ठाऊक आहे? ५७ किलो!" स्वारी क्षणभर गप्प. मग हळूच म्हणाली, "काकू, माझं चोपन्न आहे."

लेकीचे काय? मी सारे खापर मोबाईलवर फोडायला तयार होते, आणि त्याला आधारही आहे. फिजी बेटांवर आपल्यासारखीच भरल्या अंगाची वाखाणणी होई. तिथल्या एका भागात १९९५ साली दूरदर्शन आले. अ‍ॅन बेकर या अमेरिकन विदुषीने तेव्हा आणि पुन्हा १९९८ साली शाळकरी मुलींची पाहणी केली. बारीक होण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात अकरा निघाल्या! तो पडदा आता आपल्या मुलांच्या खिशात आहे.

रात्री लेकीच्या केसांना तेल लावताना विचारले, "तुला जाडी म्हणालं तरी कोण?"

"तूच की!"

माझा हात थांबला. दोन वर्षांपूर्वी मावशीच्या लग्नाला तिचे परकर-पोलके उसवताना मी चारचौघींत म्हटले होते, "किती सुटलीस गं!" मी ते केव्हाच विसरले होते. तिने ते जपून ठेवले होते.

तेव्हापासून आमच्या घरात पाहुण्यांनाही सांगून ठेवले आहे: 'वाळलास', 'सुटलीस' ही चौकशी बंद. अभ्यास विचारा, खेळ विचारा. वाचकहो, डॉक्टरांनी बजावलेलेही सांगते. डबा भरलेला परत येऊ लागला, जेवण होताच मूल न्हाणीघराकडे धावू लागले, मुलीची पाळी थांबली किंवा मुलगा कुणाच्या तरी सांगण्यावरून अंग भरण्याची पावडर घेऊ लागला, तर रागावू नका; दवाखाना गाठा.

यंदाचे लाडू परवा वळले. लेक आली, एक उचलला, अर्धा खाल्ला आणि अर्धा भावाच्या हातावर ठेवला. मी पाहिले, पण बोलले मात्र काही नाही.