रेंज फुल, तरी वायफाय का तुटतं?

वायफाय तुटलं की घरात आधी राउटर बंद-चालू होतो, मग कंपनीचा उद्धार होतो. यातून कधीकधी काम भागतंही, पण काय तुटलं होतं ते कळत नाही आणि संध्याकाळी पुन्हा तेच. घरातल्या जोडणीचे टप्पे दोन आहेत : फोनपासून राउटरपर्यंत हवेतून आणि राउटरपासून कंपनीपर्यंत तारेतून किंवा फायबरमधून. बहुतेक गैरसमज हे दोन्ही एकच धरल्यामुळे होतात.

गैरसमज : रेंज फुल दिसतेय, म्हणजे दोष कंपनीचाच.

पडद्यावरच्या त्या रेषा एवढंच सांगतात की राउटरचं बोलणं फोनला नीट ऐकू येतंय. फोनचं बोलणं राउटरपर्यंत पोहोचतंय का, हे त्या सांगत नाहीत. फोन बॅटरीवर चालतो, त्याची प्रक्षेपणाची ताकद सहसा राउटरपेक्षा कमी असते. त्यामुळे आतल्या खोलीत रेंज दिसते आणि व्हिडिओ कॉल मात्र अडकतो. राउटरच्या पुढे इंटरनेट येतंय की नाही, हे तर त्या रेषांना ठाऊकच नसतं.

खरी परीक्षा सोपी आहे. जोडणी तुटलेली असतानाच मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो राउटरच्या पाठीवर छापलेला असतो, बरेचदा १९२.१६८.१.१ असा. राउटरचं पान पटकन उघडलं आणि बाहेरचं काहीच उघडत नसेल, तर घरातला टप्पा शाबूत आहे, शोध पुढे घ्यायचा. तेच पान उघडत नसेल, तर कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशच पोहोचत नाहीये. कपाट सरकवताना फायबर दुमडली गेली का, ते पाहा. टोक काढून त्यात डोकावू मात्र नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण तो असतो.

गैरसमज : मोठा प्लॅन घेतला की तुटणं थांबेल.

५० एमबीपीएसचे २०० केले, तरी वाढतो तो वेग. भिंत तीच, गर्दी तीच, तुटणंही तेच.

गैरसमज : ज्या चॅनलवर कोणी नाही, तो निवडावा.

ऐकायला शहाणपणाचा वाटणारा हा सल्ला २.४ गिगाहर्ट्झवर अनेकदा उलटतो. भारतात या पट्ट्यात १३ चॅनल वापरता येतात, पण ते एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि वायफायला किमान २० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. म्हणून एकमेकांना न भिडणारे प्रचलित चॅनल तीनच : १, ६ आणि ११. शेजारी १ आणि ६ वर आहेत म्हणून तुम्ही मोकळा दिसणारा ३ घेतलात, तर दोघांचाही गोंगाट तुमच्या वाट्याला येतो. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांना ऐकून आळीपाळीने बोलतात, अर्धवट भिडणारे नुसते आडवे येतात. तेव्हा त्या तिघांपैकी कमी गर्दीचा निवडा आणि रुंदी २० वरच ठेवा. ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतं, मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास. फक्त जेवण गरम करताना तुटत असेल, तर गुन्हेगार स्वयंपाकघरात आहे.

गैरसमज : ५ गिगाहर्ट्झवर गेलं की सुटलो.

गर्दी कमी होते हे खरं. पण या लहरी भिंतीत जास्त विरतात, काँक्रीटचा स्लॅब आणि लोखंडी कपाट तर त्यांचे वैरीच. शिवाय या पट्ट्यातले काही चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनल सोडावा लागतो, आणि असा चॅनल घेण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. अधूनमधून सगळ्यांचंच ५ गिगाहर्ट्झ एकदम गायब होत असेल, तर ३६ ते ४८ मधला चॅनल लावून पाहा.

गैरसमज : राउटरला विजेचं काय, दिवा तर लागलाय.

आपल्याकडे हे कारण सर्वांत दुर्लक्षित आहे, असं माझं मत. लाइट गेली की इन्व्हर्टर ताबा घेतो. त्या क्षणभराच्या खंडात पंखा फिरतच राहतो, राउटर मात्र नव्याने सुरू होऊ शकतो, आणि मग काही मिनिटं वायफाय नसतं. अॅडॅप्टर थकला असेल, तर लाइट न जाताही हेच घडतं. राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ पाहा. तुटल्यानंतर तो शून्यापासून मोजत असेल, तर चॅनल बदलून उपयोग नाही. नवा अॅडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील.

एकच फोन किंवा लॅपटॉप तुटत असेल, तर राउटरला हात लावू नका. त्या उपकरणाची बॅटरी बचत बंद करून पाहा, नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडा.

आणि कंपनीकडे तक्रार करायचीच झाली, तर ‘नेट चालत नाही’ म्हणून थांबू नका. कोणता दिवा लाल होता, राउटरचं पान उघडत होतं का, लॅन केबल लावूनही तुटलं का आणि किती वाजता, एवढं सांगा.