चोरीच्या तबकड्या आणि सावांचा व्यवहार

१९६९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी एक चमत्कारिक माल दुकानांत येऊन पडला. दोन तबकड्यांचा संच आणि वर कोरे पांढरे वेष्टन! ना गायकाचे नाव, ना कंपनीचे, ना गाण्यांची यादी. तरी गिऱ्हाइकांच्या त्यावर उड्या पडल्या. कारण आतला आवाज बॉब डिलनचा होता, आणि त्यातली बरीच गाणी कोणत्याच कंपनीने बाजारात आणलेली नव्हती. ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने हा संच पुढे प्रसिद्धीस आला. असल्या मालाला तिकडे ‘बूटलेग’ म्हणतात. बुटाच्या नळीत दारूची बाटली लपवून नेणाऱ्यांवरून आलेला हा शब्द!

डिलन म्हणजे तोच, ज्याला २०१६ साली साहित्याचे नोबेल मिळाले. सुरुवातीला हा गडी एकटाच गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन लोकगीतांच्या वळणाची गाणी गाई. १९६५ साली त्याने विजेची गिटार गळ्यात अडकविली, मागे ढोल-ताशांचा दणदणाट उभा केला, आणि लोकसंगीताचे सोवळे पाळणारी मंडळी खवळली. या संकराला ‘फोक-रॉक’ असे नाव मिळाले.

ती खवळलेली मंडळी आपल्याला आज प्रत्यक्ष ऐकू येतात, ती एका टेपमुळे. तारीख १७ मे १९६६, स्थळ इंग्लंडमधील मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल. पूर्वार्धात डिलन एकटा गायला, श्रोते तृप्त. उत्तरार्धात साथीदार आले, विजेची वाद्ये कडाडली, आणि सभागृहात चुळबुळ सुरू झाली. मुद्दाम बेताल टाळ्या पडू लागल्या. शेवटच्या गाण्याआधी अंधारातून कोणी तरी ओरडला, ‘जुडास!’ येशू ख्रिस्ताला धरून देणाऱ्या शिष्याचे नाव. ख्रिस्ती देशात याहून जहरी शिवी नाही. डिलनने त्याला खोटारडा ठरविले आणि साथीदारांना आणखी जोरात वाजवायला सांगितले. पुढे एकाहून अधिक जणांनी ‘तो ओरडणारा मीच’ असे सांगितले, हे माणसाच्या स्वभावाला धरूनच झाले म्हणायचे!

हा कार्यक्रम कंपनीने स्वतःच ध्वनिमुद्रित केला होता. पण टेप कपाटात पडून राहिली. १९७० च्या सुमारास ती चोरवाटेने बाहेर आली आणि तिच्यावर नाव पडले लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे. चोराला गावाची चौकशी करायला वेळ कुठला?

आता ज्यांच्यासाठी हा लेख, त्या मंडळींकडे वळू. तबकड्या छापून विकणारे निराळे, आणि टेपांची देवघेव करणारे निराळे. या दुसऱ्या पंथाचा पहिला नियम असा, की पैशाला शिवायचे नाही. टेपेच्या बदल्यात टेप. प्रत्येकाजवळ टंकलिखित यादी असे : तारीख, गाव, सभागृह, किती मिनिटे, आणि ध्वनी कार्यक्रमाच्या ध्वनियंत्रणेतून थेट घेतलेला, की कोटाआड दडविलेल्या यंत्राने श्रोत्यांत बसून टिपलेला. या दुसऱ्या जातीत शेजारच्या माणसाचा खोकलाही अजरामर होतो. नवख्याजवळ द्यायला काहीच नसेल, तर त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचे टपाल पाठवावे. कोणी भला माणूस भरून परत धाडी. ओळखदेख नसलेल्या माणसाच्या भरवशावर समुद्रापलीकडे पाकिटे जात.

टेपेला ‘पिढी’ही असते. मूळ टेपेची नक्कल ही पहिली पिढी, नकलेची नक्कल दुसरी. दर पिढीला खरखर वाढते आणि गायक एकेक पडदा मागे सरकत जातो. म्हणून यादीत टेपेची वंशावळ लिहीत, आणि ती लपविणाऱ्याशी पुढे कोणी व्यवहार करीत नसे. (खासगी मैफिलींच्या टेपा जमविणाऱ्या आपल्याकडच्या शौकिनांना हे दुखणे समजावून सांगायला नको.) पुढे संगणक आला आणि नक्कल मुळाइतकीच निकोप निघू लागली. तरी वंशावळ लिहिण्याची सवय सुटली नाही.

हे सारे कायद्याला धरून होते काय? बहुतांशी नव्हते. आणि गायकाची बाजूही खोटी नाही. फसलेला सूर, विसरलेली ओळ जन्मभर आपल्यामागे फिरावी असे कोणत्या कलावंताला वाटेल? ‘ग्रेटफुल डेड’ या मंडळींनी मात्र १९८४ साली टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून दिली, आणि त्यांचे काही बिघडले नाही. माझे मत विचाराल तर छापून विकणारा तो चोर. कोऱ्या कॅसेट घेऊन भरून परत पाठविणारा तो साव. मँचेस्टरची ती रात्र कपाटातच राहू द्यायला हे दोघेही तयार नव्हते, एवढे मात्र खरे.

अखेर कंपनीलाही पाझर फुटला. १९९१ पासून ती स्वतःच ‘बूटलेग सिरीज’ या नावाने जुनी ध्वनिमुद्रणे काढू लागली. चोराचेच नाव दुकानाच्या पाटीवर! १९९८ साली मँचेस्टरचा कार्यक्रम त्या मालिकेत निघाला. तोवर चुकीचे नाव इतके रुळले होते, की वेष्टनावर ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ हीच अक्षरे अवतरणचिन्हांत छापावी लागली. पुढे २०१६ साली लंडनचा २६ मे १९६६ चा अस्सल कार्यक्रम बाहेर आला, तेव्हा गिऱ्हाइकांचा घोटाळा नको म्हणून कंपनीने त्याच्या नावात ‘खराखुरा’ हा शब्द घातला.