तळपायातली गाठ: चाकूआधी निदान

आता तळपायाकडे येऊ. टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पडदा ताणलेला असतो. पायाची कमान तोच सावरतो. या पडद्यात कधीकधी कडक गाठी होतात, बहुधा कमानीच्या आतल्या बाजूला. जर्मन सर्जन जॉर्ज लेडरहोज यांच्या नावावरून याला लेडरहोज आजार म्हणतात. हा कॅन्सर नाही. तो शरीरात इतरत्र पसरत नाही.

मग पेशंट म्हणतो, "डॉक्टर, काढूनच टाका ना!" इथंच घाई नडते. नुसती गाठ तेवढी काढली, तर ती बऱ्याचदा परत येते. शिवाय तळव्यावरचा व्रण चालताना दुखू शकतो. म्हणून आधी गाठीच्या जागी खळगा केलेला मऊ इनसोल, ताण देणारे व्यायाम, गरज पडली तर स्टेरॉइडचं इंजेक्शन. चालणंच अवघड झालं तर ऑपरेशन. तेव्हा गाठीभोवतीचा पडदाही काढावा लागतो.

पण एक लक्षात ठेवा. सायनोव्हियल सार्कोमा हा कॅन्सरही पायात लहान, सावकाश वाढणारी गाठ म्हणून येऊ शकतो. त्यामुळे गाठ वाढत असेल, खोल असेल किंवा नेहमीच्या जागी नसेल, तर आधी एमआरआय, मग सुईनं तुकडा घेऊन तपासणी. चाकू त्यानंतर.