प्रसिद्धीच्या झोतात व्यसन

18 जून 2011. सर्बियाची राजधानी बेलग्रेड. जुन्या किल्ल्याच्या मैदानावर सुमारे 20,000 श्रोते एका गायिकेची वाट पाहत होते. एमी वाइनहाउस हे तिचे नाव. इंग्लंडच्या या गायिकेला 2008 साली, वयाच्या 24 व्या वर्षी, एकाच रात्री पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले होते. ती मंचावर आली, पण तिला गाण्यांचे शब्द आठवेनात. तोल सावरता येईना. श्रोत्यांनी हुर्यो उडवली. या फजितीच्या चित्रफिती लगेच जगभर पसरल्या आणि लोकांना विनोदाला विषय मिळाला. पुढचा दौरा रद्द झाला. बरोबर पाच आठवड्यांनी, 23 जुलै रोजी, लंडनमधल्या राहत्या घरी ती मृतावस्थेत सापडली. तेव्हा ती 27 वर्षांची होती.

अशी बातमी वाचली की आपण साधारणपणे दोनपैकी एक काहीतरी म्हणतो. 'पैसा डोक्यात गेला, दुसरे काय!' किंवा 'कलावंत असेच असतात, दिवा दोन्ही टोकांनी जळतो.' पहिल्यात तुच्छता आहे, दुसऱ्यात कौतुक. पण व्यसन म्हणजे काय हे दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी शरीरात काय घडते ते आधी पाहू आणि मग प्रसिद्धी त्यात कोणती भर घालते ते तपासू.

416 या आकड्याचा अर्थ

वाइनहाउसच्या मृत्यूची चौकशी झाली तेव्हा तिच्या 100 मिलिलिटर रक्तात 416 मिलिग्रॅम अल्कोहोल आढळले. इंग्लंडमध्ये वाहनचालकासाठी ही मर्यादा 80 मिलिग्रॅम आहे. आपल्या मोटार वाहन कायद्यात ती 30 आहे. शरीरात बेकायदा अमली पदार्थ मुळीच सापडले नाहीत. पूर्वी ती असे पदार्थ घेत असे, ते तिने सोडले होते. जीव घेतला तो दुकानात राजरोस मिळणाऱ्या दारूने.

आपले यकृत अल्कोहोलचा निचरा ठरावीक गतीने करते. दर तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे सुमारे 15 मिलिग्रॅम. प्यायलेली दारू जास्त आहे म्हणून यकृत घाई करत नाही. या गतीने 416 मिलिग्रॅमचा निचरा व्हायला जवळजवळ 28 तास लागतील. नेहमी पिणाऱ्याची गती थोडी अधिक असते, तरीही 20 तासांच्या आत हे काम होणे कठीण. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. रक्तात इतके अल्कोहोल असले की मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र मंदावते आणि झोपेतच श्वास थांबू शकतो.

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. मृत्यूपूर्वी काही काळ तिने दारू बंद केली होती आणि शेवटच्या काही दिवसांत पुन्हा सुरू केली होती. सोडण्याचा प्रयत्न चालू असतानाच मृत्यू यावा, हे विचित्र वाटते. पण मेंदूचा हिशेब समजून घेतला तर त्यातले कोडे सुटते.

मेंदूचा तराजू

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना रासायनिक निरोप देतात. काही निरोप 'चल' म्हणणारे, काही 'थांब' म्हणणारे. ग्लुटामेट हे 'चल' म्हणणारे मुख्य रसायन आणि गाबा हे 'थांब' म्हणणारे. अल्कोहोल गाबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा कमी करते. म्हणून प्रथम सैल वाटते, मग जीभ जड होते, पाय लटपटतात.

रोज असे होऊ लागले की मेंदू तराजू सारखा करू पाहतो. 'थांब' ऐकणारी यंत्रणा बोथट करतो, 'चल' ऐकणारी तीक्ष्ण करतो. मग पूर्वीच्या दोन पेल्यांचा परिणाम व्हायला चार पेले लागतात. याला आपण मात्रा पचणे म्हणू. 'त्याला चढतच नाही' असे लोक कौतुकाने सांगतात, तेव्हा खरे तर ते मेंदूतील या बदलाचे लक्षण सांगत असतात. यात एक धोका लपलेला असतो. झिंग येण्याची मात्रा बरीच वाढते, पण श्वास थांबवणारी मात्रा तेवढी वाढत नाही. दोहोंमधले अंतर घटत जाते.

आता अशा माणसाने दारू एकदम बंद केली तर काय होईल? तराजूच्या एका पारड्यातले वजन अचानक निघते आणि दुसरे पारडे खाली आदळते. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे व प्राणी दिसू लागतात. योग्य उपचार झाले नाहीत तर यातून मृत्यूही ओढवतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने मनाच्या हिय्यावर एका रात्रीत दारू तोडणे धोक्याचे आहे. ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच तोडावी.

हे दिवस निभावले की तराजू हळूहळू मूळ जागी येऊ लागतो. शरीराची मात्रा पचवण्याची ताकद ओसरते. पण आठवण जात नाही. माणूस पुन्हा पिऊ लागतो तेव्हा त्याला जुनेच प्रमाण माहीत असते, शरीर मात्र आता ते पेलणारे राहिलेले नसते. म्हणूनच काही काळ दूर राहून पुन्हा सुरुवात करणे विशेष घातक ठरते. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत तर हा धोका फार मोठा आहे.

टाळ्या आणि डोपामीन

मग एवढे भोगूनही माणूस पुन्हा तिकडे का वळतो? 1990 च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतील डोपामीन वापरणाऱ्या पेशी जोरात चेतवल्या जात. पुढे रसाआधी खूण दाखवायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी रस मिळताना शांत राहू लागल्या आणि खूण दिसताच चेतू लागल्या. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर रस येण्याच्या वेळी त्यांचे चेतणे नेहमीपेक्षाही खाली जाई. थोडक्यात, या पेशी केवळ सुख मोजत नाहीत. काय मिळणार याचा अंदाज आणि प्रत्यक्षात काय मिळाले यांतला फरक त्या मोजतात.

अमली पदार्थ ही यंत्रणा बाहेरून ढकलतात आणि त्यांच्याशी जोडलेल्या खुणा मेंदूत पक्क्या बसतात. ठरावीक मित्र, ठरावीक वेळ, पेल्याचा आवाज. दौऱ्यावरच्या कलावंताचे तर दिवसच अशा खुणांनी भरलेले असतात. मंचामागची खोली, कार्यक्रमानंतरची मेजवानी, हॉटेलातली मध्यरात्र. हजारो लोकांच्या टाळ्यांतून बाहेर पडून तासाभरात एकट्याने खोलीत बसायचे, ही उतरणही तीव्र असते. टाळ्या म्हणजे दारू नव्हे. पण ती उतरण बोचू लागली की हाताशी असलेली बाटली सोयीची वाटते.

27 चा शाप

वाइनहाउसच्या मृत्यूनंतर एक जुनी समजूत पुन्हा वर आली. ब्रायन जोन्स (1969), जिमी हेन्ड्रिक्स व जॅनिस जॉप्लिन (1970), जिम मॉरिसन (1971), कर्ट कोबेन (1994) हे सगळे गायक-वादक 27 व्या वर्षीच गेले. म्हणजे हे वय शापित!

2011 मध्येच काही संख्याशास्त्रज्ञांनी ही समजूत तपासली. 1956 ते 2007 या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला असे 1,046 कलावंत त्यांनी घेतले. त्यांपैकी 71 मरण पावले होते. 27 व्या वर्षी मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. 25 आणि 32 या वयांतही ते जवळपास तेवढेच होते. मात्र विशीत व तिशीत या कलावंतांचे मृत्यूचे प्रमाण ब्रिटनमधील सर्वसामान्य लोकांच्या दुपटी-तिपटीने होते. शाप खोटा ठरला, धोका खरा ठरला. आपण 27 व्या वर्षी गेलेलेच लक्षात ठेवतो, 26 किंवा 31 व्या वर्षी गेलेल्यांची यादी कोणी करत नाही. निवडक उदाहरणांवरून नियम काढला की अशी फसगत होते.

'नाही' म्हणणारे कोण?

हा जादा धोका येतो कोठून? आपल्या ओळखीच्या माणसाचे पिणे वाढले तर घरचे भांडतात, वरिष्ठ समज देतात, पगार पुरत नाही, वाणी उधार बंद करतो. हे सगळे अडथळे त्रासदायक असले तरी आवर घालणारे असतात. प्रसिद्ध माणसाभोवती हे अडथळे विरघळतात. भोवतीच्या माणसांचे पोट त्याच्यावर चालते. दौरा रद्द केला तर अनेकांचे नुकसान होते.

डॉक्टरही याला अपवाद ठरत नाहीत. मायकेल जॅक्सन 25 जून 2009 रोजी गेला तो प्रोपोफोल या भुलीच्या औषधाने. शस्त्रक्रियागृहात वापरायचे हे औषध त्याला झोपेसाठी घरी दिले जात होते. देणाऱ्या खासगी डॉक्टरला 2011 मध्ये शिक्षा झाली. अभिनेता मॅथ्यू पेरी 28 ऑक्टोबर 2023 रोजी केटामीनच्या परिणामाने गेला. या प्रकरणात 2024 मध्ये पाच जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांत दोन डॉक्टर होते आणि त्याच्या घरी राहणारा सहायकही होता. या दोन्ही प्रकरणांत रुग्ण हाच मालक होता. मालकाला 'नाही' कोण म्हणणार?

वाइनहाउसचे सर्वांत गाजलेले गाणे 'रिहॅब'. व्यसनमुक्तीसाठी दाखल व्हायला नकार देणे हाच त्याचा विषय. त्या गाण्यालाही ग्रॅमी मिळाले. ज्या नकारामुळे घरच्यांची झोप उडावी, त्यावर जगाने ठेका धरला.

अनाम राहण्याचा आधार

उपचाराच्या बाजूनेही प्रसिद्धी आड येते. 1935 साली अमेरिकेत ॲक्रन या गावी एक दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांच्या आधाराने सावरले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रातही तिच्या सभा मराठीतून भरतात. तिच्या नावातच अनाम राहणे आहे. सभेत आडनाव, हुद्दा, प्रतिष्ठा बाहेर ठेवायची आणि मनमोकळे बोलायचे. घसरलात तर पुन्हा या, कोणी हसणार नाही.

प्रसिद्ध माणसाला हाच आडोसा मिळत नाही. केंद्राच्या दारात छायाचित्रकार उभे असतात. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे, मधुमेह किंवा दमा वाढावा तसा. पण येथे आजार उलटला की त्याची बातमी होते, आणि लाज वाटली की लाज बुडवायला पुन्हा बाटली लागते. बेलग्रेडच्या मैदानावर लोकांनी पाहिला तो तमाशा नव्हता, एका आजाराची लक्षणे होती.

वर्गासाठी

416 चा हिशेब विद्यार्थ्यांना करायला द्यावा. 'शापित वया'सारखा दुसरा एखादा समज घेऊन त्यासाठी कोणकोणती माहिती गोळा करावी लागेल याची चर्चा घ्यावी. पण त्याहून महत्त्वाचे काहीतरी आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळजवळ 1,500 रॉक व पॉप कलावंतांची माहिती तपासली गेली. व्यसनाने वा हिंसेने मरण पावलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या बालपणी घरात व्यसन, मारहाण, हेळसांड यांसारखे काही ना काही घडलेले आढळले. इतर कारणांनी गेलेल्यांत हे प्रमाण चौघांत एक असे होते. म्हणजे प्रसिद्धीच्या आधीच कुठेतरी जखम झालेली असते.

तशी मुले आपल्या वर्गातही बसलेली असतात. एखाद्या नटाच्या व्यसनावर वर्गात हशा पिकतो तेव्हा मागच्या बाकावरचा एखादा मुलगा हसत नाही, कारण रात्री त्याच्या घरी तेच घडलेले असते. त्या हशातून तो एवढेच शिकतो की ही गोष्ट कोणाला सांगायची नाही. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, पुण्याच्या 'मुक्तांगण'सारखी केंद्रे आहेत आणि 14446 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, हे आपण त्याच वर्गात, सर्वांसमोर, साध्या आवाजात सांगितले, तर त्या मुलाला निदान विचारायला एक दार उघडे राहील.