काळ्या गाडीवरचे जाळे : चरे काढा, पण लॅकर सांभाळा

गाडीच्या रंगकामात मुरलेल्या कोणत्याही कारागिराला विचारा, सर्वांत छळणारा रंग कोणता? तो काळाच सांगेल. पांढऱ्या गाडीवर शंभर बारीक चरे असले तरी चार हातांवरून दिसत नाहीत. काळी गाडी उन्हात उभी राहिली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याने जाळे विणावे तसे चरे उमटतात. हौसेने काळी गाडी घेतलेला मालक सहा महिन्यांत गॅरेजच्या दारात येतो आणि म्हणतो, "उस्ताद, हे तेवढे काढून द्या." काम लहान दिसते आणि पैसेही बरे मिळतात. पण याच कामात गिऱ्हाइकाच्या गाडीचे कायमचे नुकसान होऊ शकते आणि एखादे पॅनल पुन्हा रंगवून देण्याचा भुर्दंड कारागिराच्या माथी बसू शकतो. म्हणून या विषयाची नीट माहिती करून घेतलेली बरी.

प्रथम हे लक्षात घ्यावे की हे चरे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना पसरलेले असतात. त्यांपैकी जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात आणि डोळ्याला दिव्याभोवती कडी दिसते. बल्ब सरकवला की कडीही सरकते. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली हे चरे जवळजवळ लपतात, कारण तिचा उजेड पसरट असतो. संध्याकाळी ट्यूबखाली आरशासारखी दिसणारी गाडी सकाळी उन्हात मालकाला जाळीदार दिसते आणि भांडण सुरू होते ते यामुळेच. तपासणीसाठी एक साधा उघडा बल्ब किंवा प्रखर टॉर्च हाताशी असावा.

आता रंगाची गोष्ट. १९२३ साली अमेरिकेतील ड्युपॉन्ट कंपनीने 'ड्यूको' नावाचा लवकर सुकणारा रंग बाजारात आणला. त्याचे नाव आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी इतके बसले की गाडीचा कोणताही रंग म्हणजे ड्यूको असे समीकरण झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला रबिंग केले की फडके काळे व्हायचे, कारण वरचा थर रंगाचाच असायचा. (त्यातली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली.) आजच्या गाड्यांत पत्र्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. त्याला कोणी क्लिअर म्हणतो, कोणी लॅकर. बारीक चरे पडतात ते या लॅकरमध्ये. खालचा काळा रंग बहुधा शाबूत असतो.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते आणि त्यात लॅकर असतो अवघा ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. पॉलिश केल्याने चरा भरून येत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचा लॅकर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो, तेव्हा तो नाहीसा होतो. म्हणजे प्रत्येक खऱ्या पॉलिशला दोन-चार मायक्रॉन लॅकर खर्ची पडतो आणि तो परत येत नाही. खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण हाच थर करतो. तो फार पातळ झाला की काही वर्षांत फिका पडतो, नंतर पापुद्रे सुटू लागतात.

तेव्हा मशीन हातात घेण्याआधी तीन परीक्षा घ्याव्यात. चऱ्यावर पाणी शिंपडावे. ओले असताना तो दिसेनासा झाला तर तो लॅकरमध्येच आहे आणि निघण्याची आशा आहे. मग त्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडले तर चरा खोल आहे. तो पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये, कडा मऊ करून कमी दिसेल एवढेच पाहावे आणि तसे मालकाला आधीच सांगावे. तिसरी परीक्षा जाडी मोजण्याच्या यंत्राची. ते काही हजार रुपयांत मिळते आणि एक पॅनल वाचले तरी त्याचे पैसे वसूल होतात. ते पत्र्यावरची एकूण जाडी सांगते, लॅकरची वेगळी नव्हे, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. आकडा ८० च्या खाली असेल तर तिथे आधीच कोणी हात साफ केलेला असू शकतो, मशीन लावू नये. आकडा ३०० च्या वर गेला तर पॅनल बहुधा पुन्हा रंगवलेले आहे, खाली पुट्टीही असू शकते.

घाई बहुतेक वेळा धुण्यात होते आणि तीच नडते. गाडी भरपूर पाण्याने, शाम्पूने धुवावी. हात फिरवल्यावर खरखर लागली तर क्ले ओलसर ठेवून फिरवावा. रबर, बिडिंग आणि बॉडीच्या धारदार रेषांवर टेप लावावी, कारण धारेवर रंग पातळ असतो आणि पहिला तिथेच उडतो. मग बोनेटवर दोन फूट चौरस जागा घेऊन सर्वांत मऊ फोम आणि सर्वांत बारीक पॉलिशने सुरुवात करावी. तेवढ्याने काम झाले तर कडक पॅडला हातच लावू नये. आपल्याकडे रीत उलटी आहे. लोकरी पॅड, जाड कंपाउंड आणि मशीन पूर्ण वेगात! त्याने जुने चरे जातात, पण काळ्यावर नवे बफिंगचे लाटांसारखे डाग उठतात. गोल फिरणारे साधे मशीन वापरायचे तर वेग मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावा आणि एका जागी थांबू नये. हलत फिरणारे ड्युअल ॲक्शन मशीन सावकाश काम करते, पण नवशिक्याच्या हातून रंग जळण्याचा धोका फार कमी. पत्रा हाताला गरम लागला की थांबावे. बंपरवर तर अधिकच जपावे, कारण प्लॅस्टिक उष्णता पसरू देत नाही आणि रंग लवकर भाजतो. मध्येच फडक्यावर काळा रंग आला, तर लॅकर संपला असे समजून मशीन तिथेच बंद करावे. २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर एखाद्या एकट्या चऱ्यापुरता ठीक. कारखान्याच्या रंगावर सबंध गाडी पेपरने घासणे हा अविचार होय.

नव्या पोराला गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकवू नये. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडसारख्या बाजारातून भंगारातले काळे बोनेट आणावे आणि मुद्दाम रंग जळेपर्यंत मशीन फिरवायला लावावे. किती वेळात जळते हे एकदा पाहिले की हात आपोआप हलका होतो.

बाजारात दुसराही प्रकार चालतो. तेलकट ग्लेझ किंवा वॅक्स चोळले की चऱ्यांत ते भरते आणि गाडी तासाभरात चकचकीत होते. पाण्याने चरा लपतो तसाच हा प्रकार आहे. दोन-चार धुण्यांत जाळे परत येते. लग्नासाठी गाडी चमकवून देण्यास हे काम वाईट नाही, पण त्याला 'चरे काढणे' म्हणून पैसे घेणे हा धोका झाला. दोन कामांची दोन नावे आणि दोन दर असावेत. खरे काम तपासायचे तर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॅनल पुसून उन्हात पाहावे. सिरॅमिक कोटिंगचेही तसेच आहे. त्यावरचा '९ एच' हा आकडा पेन्सिलीने ओरखडून काढायच्या मापाचा आहे. धुळीतल्या वाळूपुढे तो टिकत नाही.

आणि ही धूळच सगळ्याचे मूळ आहे. सोसायट्यांत पहाटे एका बादलीत दहा गाड्या पुसल्या जातात. कित्येकदा तर कोरड्या फडक्याने धूळ झटकली जाते. वाळूचा कण लॅकरपेक्षा कठीण असतो, त्यामुळे ते फडके पॉलिश पेपरचेच काम करते. मालकाला हे सांगितले नाही तर तो सहा महिन्यांनी पुन्हा येईल. धंदा वाढला असे वाटेल, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला घासायला लॅकर उरणार नाही. त्यापेक्षा दोन बादल्या, मऊ मायक्रोफायबर आणि आठवड्याची धुलाई असे मासिक काम आपणच घ्यावे. पॉलिशच्या बिलावर प्रत्येक पॅनलचा आधीचा आणि नंतरचा आकडा लिहावा, समजा बोनेट १२२ होते, ११९ झाले. त्याची एक प्रत आपल्या वहीत गाडीच्या नंबराखाली ठेवावी, म्हणजे तीच गाडी दोन वर्षांनी आली तर कुठे मशीन लावायचे आणि कुठे नाही, हे वही उघडताच कळते.